डावीकडची जागा

बोयेत वाट मागत होता आणि समोर कुणीच नव्हतं. दुपारच्या उकाड्यात कोठडी भरून माणसं पडली होती. एकाच्या गुडघ्यात दुसऱ्याचं डोकं, कुणी कुशीवर, कुणी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला, कुणी गजांना चादरीची झोळी बांधून वर लोंबकळलेला. बोयेत पाण्याची बादली घेऊन त्यांच्यावरून पाय टाकत येत होता. कुणाच्या पोटावर पाय पडला, कुणाच्या हातावर, त्याची त्याला फिकीर नव्हती. शिव्या खात होता, उलट देत होता. पण एंजिनीअर क्रिसांतो आबेल्याना याच्या डाव्या हाताशी जी मोकळी फरशी होती, तिच्या कडेला येऊन मात्र तो थबकला. बादली एका हातात घेतली, दुसरा हात पुढे खाली केला, मान वाकवली, आणि घरात वडीलधारी बसलेली असताना त्यांच्या मधून जाताना बोलतात तसा म्हणाला, "जरा जाऊ द्या हं. पाणी आहे हातात." मग भिंतीला पाठ घासत कडेकडेनं पलीकडे गेला. क्रिसांतो अर्धवट झोपेत होता. आधी त्याला वाटलं, आपल्यालाच म्हणाला. पण बोयेतनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो फरशीकडे बघून बोलला होता.

तोवर क्रिसांतोची समजूत अशी होती की ती जागा म्हणजे आपला मान. समजूत अगदीच वेडगळ नव्हती. या कोठडीत सगळे खुनाचे कैदी, त्यात हा एकटा कागदाचा. बंदरावर बोटी तपासायचं काम केलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आत आलेला, आणि आत आल्यावरही ज्याला सगळे 'एंजिनीअर' म्हणून हाक मारत तो. माणसं पाळीपाळीनं झोपत होती, पाय लांब करायला मिळावा म्हणून एकमेकांशी भांडत होती, आणि याच्या डावीकडे, याच्या चटईपासून भिंतीपर्यंत, तीन माणसं ऐसपैस लोळतील एवढी फरशी रिकामी. पहिल्या दिवशी त्यानं संकोचानं एकाला म्हटलंही होतं की ये, इथं टाक अंग. तो माणूस घाईघाईनं "नको नको" म्हणत संडासाच्या पायरीशी जाऊन बसला. त्यानंतर क्रिसांतोनं कुणाला विचारलं नाही. मिळतोय मान तर घ्यावा, त्यात चिकित्सा कसली. मुलीला त्यानं भेटीच्या वेळी हे सांगितलंही होतं, जरा फुशारकीनंच. "माणूस कसाही असो, शिक्षणाला मान देतो गं," असं तो तिला म्हणाला होता. शिवाय त्या बाजूनं गारवा यायचा. कोठडीत एक पंखा, तोही तुरुंगाच्या बाहेरच्या बाजूला वारा घालत असल्यासारखा; सगळ्यांची अंगं घामानं चिकट; पण क्रिसांतोचा डावा हात नेहमी थंड असायचा. कधी कधी तो मुद्दाम त्या बाजूला तोंड करून झोपायचा आणि आपण किती नशीबवान, असा विचार करायचा. त्या गारव्याला ना वारा होता ना दिशा, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. ध्यानात आलेल्या गोष्टीकडे काणाडोळा करायची कला त्याला नोकरीनं शिकवली होती.

बोयेत परत आला तेव्हा क्रिसांतोनं त्याला हटकलं. हा बोयेत एका रिक्षावाल्याला भोसकून आलेला, वयानं तिशीतला, तोंडाचा पट्टा कायम चालू.

"कुणाला म्हणालास मघाशी?"

"मी? कधी?"

"जाऊ द्या म्हणालास. फरशीला."

"मग न विचारता जाऊ? तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्यात नसेल पद्धत. आमच्या आईनं मुस्काट फोडलं असतं."

"पण तिथं आहे कोण?"

बोयेतनं बादली खाली ठेवली आणि त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "झोपा, एंजिनीअर. तुमची माणसं गरीब आहेत बिचारी. आवाज नाही, काही नाही. आमच्या तातांगचा मेव्हणा असता ना तिथं, तर एव्हाना बादली उलथली असती."

तातांग म्हणजे दोरो, या कोठडीचा मेयर. असा मेयर प्रत्येक कोठडीला असतो. कोण कुठं झोपणार, कोण कधी धुणार, भांडण कुणी मिटवायचं, सगळं त्याच्या हातात, पहारेकऱ्यांना फक्त गजांच्या पलीकडचं कळतं. दोरोनं कोंबड्यांच्या झुंजीवरून झालेल्या भांडणात बायकोच्या सख्ख्या भावाला कोयत्यानं मारलं होतं. आता म्हातारा झाला होता, बाप म्हणून हाक मारावी असा. आणि कोठडी त्याला तशीच हाक मारत असे. दर सोमवारी, मेलेल्यांचा वार म्हणून, जेवण आलं की कुणी घास तोंडात घालण्याआधी दोरो आपल्या ताटातला भात झाकणावर काढायचा, वर सुक्या मासळीचा तुकडा ठेवायचा आणि भिंतीशी सरकवून म्हणायचा, "नार्दो, खा. आज मासळी बरी आहे." मग बोयेत काढायचा, मग बाकीचे. प्रत्येक जण नाव घेऊन. क्रिसांतो त्या वेळी पाठ करून बसायचा. तो रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारा माणूस, त्याला हे अडाणीपणाचं वाटे. खरं तर आणखीही काही वाटे, पण ते त्यानं स्वतःपाशीही कबूल केलं नव्हतं. स्वतःच्या हातानं मारलेल्या माणसाला "मासळी बरी आहे" म्हणून सांगणारा तो शांत आवाज ऐकला की त्याच्या मानेवर काटा येई, आणि त्याच वेळी एखाद्याच्या घरात जेवणाच्या वेळी आगंतुकासारखं उभं राहावं तसंही होई.

त्या दुपारी तो दोरोसमोर जाऊन बसला. काय विचारायचं ते ठरवून गेला होता, पण शब्द जुळेनात. दोरो पंजा सोलत होता. तळहाताची जाड कातडी दातानं सोलायची त्याला सवय होती.

"बोयेत बडबडला वाटतं," दोरो म्हणाला.

"तातांग, ती जागा... मला वाटलं होतं मला मान म्हणून."

"मान तर आहेच. एवढी माणसं ज्याच्यापाशी आहेत त्याला जागा जास्त लागणारच. माझा एक नार्दो, तो माझ्या पायाशी मावतो. बोयेतचा रिक्षावाला तर बसल्या बसल्याच झोपतो. तुमची म्हणजे अख्खी बोट." यात टोमणा नव्हता. घरमालकानं भाडेकरूंबद्दल बोलावं इतकं सरळ तो बोलत होता. "पहिल्या दिवशी तुम्ही आत आलात तेव्हा मीच सगळ्यांना सरकवलं. तुमच्यामागून एकेक येतच होतं, दार बंद करता येईना. पहारेकरी ओरडत होता, तुम्हाला आठवत असेल."

क्रिसांतोला आठवलं. दार उघडंच धरून दोरो उभा राहिला होता. तो आत आल्यावरही बराच वेळ. त्याला वाटलं होतं म्हातारा अदबीनं उभा आहे. "मी कुणाला हात लावला नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं कोर्टात, वकिलापाशी, पाद्र्यापाशी, आरशापाशी इतकं म्हटलं होतं की ते आता आपोआप येई, खोकल्यासारखं.

"तेच ना," दोरो म्हणाला. "आम्ही लावला. मान कशी होती, रक्त किती गरम होतं, सगळं ठाऊक आहे. तुमच्या माणसांना तुमचा चेहरासुद्धा माहीत नसणार. म्हणून बसलीत बघत."

त्यानंतर गारवा तोच राहिला, पण क्रिसांतोच्या अंगाला तो वेगळा लागू लागला. पाठ डावीकडे करावी तर पाठीवर, तोंड करावं तर तोंडावर. गार वाऱ्याची झुळूक येते आणि जाते, हा हलत नव्हता. बाजारात गर्दीत उभं असताना शेजारच्याचं अंग जसं न पाहता कळतं तसा तो कळत होता. तो डोळे मिटी आणि त्याला ती दुपार दिसे. पाऊस पडत होता, बंदरावरच्या खानावळीत तो गरम शेवयांचं सूप पीत बसला होता, आणि बोटमालकाचा माणूस भिजत, हसत, कागद शर्टाच्या आत धरून आला होता. बोट धक्क्याला होती. खानावळीच्या खिडकीतून दिसत होती, नवीन पांढरा रंग दिलेली, कडेला निळी पट्टी. चांगली दिसत होती. चिखलातून तिथवर जायचं, शिडी चढायची, जीव वाचवायच्या जॅकेटांच्या कपाटाला कुलूप आहे का बघायचं, किल्ली कुणाकडे ते विचारायचं, हे सगळं बूट खराब करण्याचं काम होतं, आणि सूप निवलं असतं. दाखल्यावर सही करण्याआधी त्यानं काच पुसून एकदा नीट पाहिलं, हे मात्र त्याला पक्कं आठवत होतं. त्या काच पुसण्याचा त्याला पुढे, बोट माणसांसकट बुडाल्यावर, आधार वाटे. दरवर्षी तो अशीच सही करत आला होता. एका वर्षी तर जेवणाच्या टेबलावर. मुलीच्या, रोवेनाच्या, अठराव्या वाढदिवसाला बोटमालकानं दोन अख्खी भाजलेली डुकरं आणि बँड पाठवला होता; गावात तसा समारंभ कुणी पाहिला नव्हता. पोरीनं गुलाबी झगा घातला होता, अठरा पुरुषांनी अठरा गुलाब दिले, आणि पहिला नाच तिनं बापाबरोबर केला. नाचताना ती कानाशी म्हणाली होती, "पापा, किती केलंत." तिचा तळवा त्याच्या डाव्या खांद्यावर होता. आज तोच खांदा थंड पडलेला, आणि या दोन गोष्टी एकाच खांद्यावर कशा आल्या याचा विचार त्याला पुढे करवेना.

रोवेना आता शहरात औषधांच्या दुकानात काम करत होती आणि उरलेला सगळा वेळ बापासाठी धावत होती. सरकारनं डोंगराच्या बाजूला नवा तुरुंग बांधला होता, अशाच लोकांसाठी. लाच, अफरातफर, खोटे दाखले. एकेकाला खोली, खाट, खिडकी. तिथं बदली मिळावी म्हणून तिनं वकील गाठला होता. अर्जातली वाक्यं तिला तोंडपाठ होती आणि भेटीच्या बाकावर बसून ती बापाला ती म्हणून दाखवायची, डब्यातली वांग्याची भाजी पुढे सरकवत. कागदावर चूक केलेला माणूस आणि कोयता चालवलेला माणूस यांना एका छताखाली ठेवणं हीच एक वेगळी शिक्षा आहे, आणि ती कुठल्याच निकालात लिहिलेली नाही. वकिलानं एक शब्द काढला होता, 'अहिंसक', आणि तो अर्जात जागोजागी होता. क्रिसांतोला तो आवडला होता. आंघोळ करून आल्यासारखं वाटायचं त्या शब्दानं. पूर्वी त्यानं तो शब्द कोठडीतही वापरून पाहिला होता, आणि बोयेतनं विचारलं होतं, "म्हणजे काय?"

"ज्यानं कुणाच्या अंगाला हात लावला नाही तो."

"असं होय. मग मी सुरा लांबून फेकून मारायला पाहिजे होता." कोठडी खो खो हसली होती. क्रिसांतोही हसला होता, मोठ्या मनानं.

त्या दुपारनंतरच्या भेटीत मात्र तो वांग्याला हात न लावता बसून राहिला. रोवेनाच्या ते लगेच लक्षात आलं. "कुणी त्रास दिला का पापा? सांगा. अर्जाला जोडता येईल."

"नाही गं. भली माणसं आहेत."

"भली!" ती आजूबाजूला बघून आवाज खाली आणत म्हणाली. "तिकडे बसलाय तो दात कोरत, त्यानं माणूस मारलाय. आणि तुम्ही म्हणता भली. आणखी थोडा काळ इथं राहिलात ना, तर तुम्ही आमचे राहणार नाही."

त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बोटीतल्या कुणाचं नाव आठवतं का तुला?"

तिचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. कोर्टाबाहेर फोटो छातीशी धरून बायका उभ्या असायच्या, त्यांच्यातून वाट काढत ती रोज आत आली होती. "आपण त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय," ती म्हणाली. आणि मग, बापाकडे न बघता, "नाही माहीत. मी वाचलीच नाहीत. वाचली असती तर तुमच्यासाठी एवढं धावता आलं नसतं मला." तिचे डोळे भरून आले होते. क्रिसांतोला तिची इतकी माया आली की त्यानं त्या भाजीचा डबा पुसून खाल्ला. सुटायचं, ते तिच्यासाठी, हे त्यानं त्या दिवशी मनाशी घट्ट धरलं. बाकी कशावर नाही तरी त्यावर त्याचा खरा विश्वास होता.

हुकूम आला तो आठवड्याच्या मध्यावर. उद्या सकाळी निघायचं, असं पहारेकरी गजांतून सांगून गेला. कोठडीनं टाळ्या वाजवल्या. बोयेत म्हणाला, "तिकडे खाट आहे म्हणे. पडाल खाली, सवय मोडली तुमची." कुणी त्याला साबण दिला, कुणी पाठ थोपटली. त्या सगळ्यांच्या आनंदात एक सरळ साधा स्वार्थ होता हे त्याला कळत होतं, आणि तो रास्तच होता. ते सगळे त्याच्या डावीकडच्या फरशीकडे बघत होते. संडासाशी झोपणारा माणूस तर हातानं वीत मोजत होता. एवढ्यात दोरो उठून त्याच्याजवळ आला आणि उकिडवा बसला.

"उद्या तुमच्या माणसांना हाक मारून न्या हं, एंजिनीअर."

"हाक?"

"विसरलात? पोराला नदीवरून, समुद्रावरून आणताना आई काय म्हणते? नाव घेऊन म्हणते ना, चल अमक्या, घरी जाऊ. नाहीतर पोर येतं आणि त्याचा जीव तिथंच खेळत बसतो. तसंच. एकेकाला नाव घेऊन उठवायचं. नुसतं 'चला' म्हणून भागत नाही, 'चला' म्हटलं तर कुणाला म्हटलं हे कुणाला कळणार? आधी इथं एक बँकेचा मॅनेजर होता, त्याच्यापायी एका म्हाताऱ्या जोडप्यानं विष घेतलेलं. तो तसाच गेला, मिशा पिळत. पुढं किती तरी दिवस आम्ही त्या कोपऱ्यात पाय पसरला नाही. शेवटी पाद्र्याकडून नावं मागवून मीच त्यांना दाराबाहेर काढलं. आता माझ्यात तेवढं त्राण नाही. आणि तुमची किती, ते मला दिसतंय."

क्रिसांतोला ती पद्धत चांगलीच ठाऊक होती. रोवेना लहान असताना दर उन्हाळ्यात ते समुद्रावर जायचे, आणि परतताना बायको ओल्या पोरीला टॉवेलात गुंडाळून त्याच्या खांद्यावर द्यायची, आणि तो, शिकलेला माणूस असूनही, बायकोच्या समाधानासाठी, लाटांकडे वळून मोठ्यानं म्हणायचा, "चल रोवेना, घरी जाऊ." पोर खांद्यावरून हसायची. तिला वाटे, पाण्यात आणखी एक रोवेना आहे आणि ती आता पळत येईल. बायको गेल्यावर तो एकदा एकटाच तिला घेऊन गेला होता, आणि तेव्हा हाक मारताना त्याचा आवाज फुटला होता. आयुष्यात कधी एखादी गोष्ट त्यानं मनापासून म्हटली असेल तर ती ती हाक.

तो संध्याकाळपर्यंत नावं आठवत राहिला. कोर्टात ती वाचली होती, एका सकाळी, सगळी. कारकुनाचा आवाज एकसुरी होता, भिंतीवर एक पाल होती, पालीच्या पुढे एक पतंग होता, आणि ती त्याला धरते की नाही इकडे क्रिसांतोचं लक्ष होतं. धरला नव्हता. हे आठवलं. पालीची शेपटी तुटकी होती, हेही आठवलं. एका गावची बरीच माणसं जत्रेला निघाली होती म्हणून एकच आडनाव पुन्हा पुन्हा आलं होतं. कारकून ते वाचून वाचून कंटाळला होता. ते आडनाव कोणतं, ते मात्र नाही. तान्ह्या पोरांची तिकिटं काढत नाहीत म्हणून ती किती होती ते कोर्टालाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं. त्यानं डावीकडे हात पसरला, कधी नव्हे तो, आणि तळवा फरशीवर ठेवला. फरशी ओली नव्हती, काही नव्हतं. फक्त गार होती, आणि हात ठेवल्यावर ते गारपण किंचित सरकलं, झोपलेल्या माणसाला धक्का लागल्यावर तो जागा देतो तसं. त्यानं हात ओढून घेतला. खरं सांगावं, मला एकही नाव माहीत नाही, हे दोरोला सांगावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, ही माणसं मला अडवतील. अडवणार कोण होतं, हुकूम सरकारचा होता. पण आयुष्यभर ज्या भीतीनं त्यानं सह्या केल्या होत्या तीच ही, समोरच्याला नाही म्हणायची भीती. त्यातून त्याला त्याच जुन्या वाटेनं सुचलं. कुठलीही नावं घ्यावीत, बघायला कोण येतंय?

सकाळी कोठडी आवरून उभी होती. चटया गुंडाळून प्रत्येकानं काखेत धरल्या होत्या. दार उघडलं, पहारेकरी बेड्या घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लवकर करा तुमचं काय ते. गाडी खोळंबलीय." बाहेर तुरुंगाच्या फाटकाशी रोवेना येऊन थांबली आहे, हेही त्यानंच सांगितलं. क्रिसांतो रिकाम्या फरशीसमोर उभा राहिला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बोयेतनंही.

"चल अमादो, घरी जाऊ," क्रिसांतो म्हणाला.

आवाज बरा आला. आईच्या घरी भिंतीवर संतांचं कॅलेंडर होतं, त्यातली नावं तो उचलत होता. "चल पेत्रा, घरी जाऊ. चल हासिंतो, घरी जाऊ." संत संपत आले तेव्हा शाळेतले सोबती घेतले, मग खानावळीतला वाढपी, मग एक मेलेली मावशी. सोपं जात होतं. एक लय लागली होती, आणि त्या लयीत कोठडी हळूहळू डोलत होती. दोरो प्रत्येक नावाला "जा बाबा", "जा बाई" म्हणत होता, आणि बाकीचे जरा बाजूला होऊन दारापर्यंत वाट करून देत होते. क्रिसांतोला हायसं वाटू लागलं. आता थोडीच, म्हणजे पटण्यासारखं होईल. तोंड आपोआप चालू होतं. ज्या शब्दांना उभ्या जन्मात एकाच नावाची सवय होती ते शब्द तो म्हणत होता, आणि त्याचं लक्ष क्षणभर फाटकाकडे गेलं.

"चल रोवेना, घरी जाऊ."

त्यानं स्वतःचा आवाज ऐकला. तो आधीच्या सगळ्यांसारखा नव्हता. लाटांकडे वळून मारलेली हाक होती ती, जशीच्या तशी. दोरोनं मान वर केली. कोठडीत कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं, बोयेत तिला औषधवाली मिस म्हणायचा.

"ही तुमच्या ओळखीची होती," दोरो हळूच म्हणाला. "आवाजावरून कळतं."

क्रिसांतोनं तोंड उघडलं. हे नाव चुकून आलं, हे परत घ्यायचं आहे. पण हे एक खोटं म्हटलं की बाकीची कुठली खरी, हा पुढचा प्रश्न होता. काखेत चटया धरलेली ती सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल प्रथमच आदर होता.

"किती वर्षांची होती?" दोरोनं विचारलं.

"आटपा," पहारेकरी म्हणाला.

"सव्वीस," क्रिसांतो म्हणाला.

दोरोनं छातीवर क्रुसाची खूण केली. "पोरच की. जा बाई, बापामागं जा." आणि त्यानं हात हलवताच चटया धडाधड खाली पडल्या. माणसं त्या फरशीवर कोसळली, हसत, एकमेकांना ढकलत, पाय पसरत. संडासाशी झोपणारा माणूस उताणा पडला आणि त्यानं दोन्ही हात बाजूला टाकले. हसता हसता तो एकदम थांबला आणि त्यानं एक हात पुन्हा छातीशी घेतला. मग दुसरा. मग बाकीचेही एकेक करून गप्प झाले आणि अंग चोरून उठू लागले. क्रिसांतोनं हे दारातून पाहिलं, तोवर पहारेकऱ्यानं त्याला बाहेर ओढलं होतं.

बोळातून चालताना त्याचा डावा खांदा गरम होता. घाम येत होता, शर्ट चिकटत होता, इतर कुणाही माणसासारखा. गाडीत बसला तेव्हा डावीकडचा बाक उन्हानं तापलेला होता. त्यानं बेड्यांच्या हातांनी तो चाचपला. नुसता तापलेला लाकडी बाक. कुणी आलं नव्हतं. त्या नावांना ओ देणारं तिथं कुणी नव्हतंच, ती बिचारी माणसं आपापल्या नावाची वाट बघत तिथंच पडून राहिली होती. इतक्या हाका मारल्या, त्यांत खऱ्या माणसाची, खऱ्या आवाजात मारलेली हाक एकच होती.

फाटक उघडलं. गाडी हळू बाहेर आली, आणि रस्त्याच्या पलीकडे ती उभी होती, डब्याची पिशवी हातात, उन्हात डोळे बारीक करून. जाळीतून तिला बाप दिसला आणि ती हसली. तो जाळीला तोंड लावून ओरडणार होता, जा, घरी जा, इकडे येऊ नकोस. पण नावाशिवाय तिला हाक कशी मारायची ते त्याला समजेना, आणि नाव घ्यायचा धीर होईना. त्यानं हात हलवले. बेड्या घातलेल्या हातांनी जा म्हटलं काय आणि ये म्हटलं काय, लांबून सारखंच. रस्त्यावरून भरधाव ट्रकांची रांग चालली होती. रोवेनानं पिशवी छातीशी धरली आणि इकडेतिकडे न बघता त्याच्याकडे पळत निघाली.